विश्लेषण : खुब्याच्या वेदनेला ‘ब्लॉक’ कसा लागतो? आणि तो शोधताना स्वतःच अडकलेले डॉ. हॉल्स्टेड कोण होते?

गेल्या पावसाळ्यात बोरिवलीच्या घरी आजी बाथरूममध्ये घसरली. वय ८१. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले होते. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावरून चौघांनी चादरीच्या झोळीत खाली आणले. प्रत्येक पायरीला ती कळवळत होती. एक्स-रेसाठी कूस बदलताना तर तिचा आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठरली. त्याआधी एक भूलतज्ज्ञ आले. त्यांनी सोनोग्राफीचे छोटे यंत्र जांघेवर ठेवले, पडद्यावर बघत बघत एक सुई आत सरकवली आणि औषध सोडले. अर्ध्या तासाने आजी चहा मागू लागली. चहा मिळणार नव्हताच, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवले होते. पण मोडलेल्या हाडासकट माणूस चहाची आठवण काढू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

संमतीपत्रावर शब्द होता ‘फॅशिया इलियाका ब्लॉक’. सही बाबांनी केली. मी मात्र पॅसेजमधल्या बाकावर बसून मोबाइलवर त्याचे मूळ शोधत राहिलो. शोधता शोधता १८८४ सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलो. तिथे भेटले डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड. वेदना नेणारी नसच सुईने बंद करता येते, हे शस्त्रक्रियेत वापरून दाखवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. आणि त्यापायी आयुष्यभराचे व्यसन जडलेले.

‘ब्लॉक’ म्हणजे नेमके काय?

मुंबईकराला ‘ब्लॉक’ समजावून सांगावा लागत नाही. रविवारी मुलुंड ते माटुंगा जलद मार्गावर मेगाब्लॉक असला की त्या पट्ट्यात जलद गाडी धावत नाही. कर्जत तिथेच असते, सीएसएमटीही तिथेच असते. फक्त मधला रूळ बंद असतो.

नर्व्ह ब्लॉकही असाच असतो. जखम खुब्यात असली तरी वेदना कळते ती मेंदूला. खुबा ते मेंदू हा निरोप नसांमधून विजेच्या संदेशासारखा धावतो. (डॉक्टर त्यांना मज्जातंतू किंवा चेतातंतू म्हणतात, रक्ताची नस वेगळी.) हा संदेश पुढे सरकतो तो नसेच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. बधिर करणारे औषध ही दारे काही तास अडवून धरते. हाड मोडलेलेच राहते, पण त्याची तक्रार मेंदूपर्यंत जात नाही. पूर्ण भूल म्हणजे जणू संपूर्ण शहराची वीज घालवणे. ब्लॉक म्हणजे एकाच खोलीचा स्विच बंद करणे. इंजिनीअरिंगची चार वर्षे अशी कुठेतरी उपयोगी पडतात.

खुब्याची अडचण अशी की तिथे एकच नस नाही. पुढच्या बाजूने फीमोरल, आतल्या बाजूने ऑब्च्युरेटर, मागून सायाटिक आणि तिच्या शेजारच्या नसा, अशा अनेक वाटांनी या सांध्याची वेदना वर जाते. जलद मार्ग बंद केला तरी गाड्या धीम्या मार्गावरून वळवल्या जातात, तसेच इथेही होते. म्हणून खुब्याचा ब्लॉक म्हणजे नेमके कुठले मार्ग बंद करायचे याचा हिशेब असतो, आणि तो जुळायला शंभरहून जास्त वर्षे लागली.

सुरुवात डोळ्यापासून

१८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जगासमोर आली, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले. दोन्हींत रुग्ण पूर्ण बेशुद्ध होई आणि काही रुग्ण शुद्धीवर येतच नसत. फक्त दुखरा भाग बधिर करणारे औषध मात्र हाताशी नव्हते.

ते १८८४ मध्ये व्हिएन्नात सापडले. कार्ल कोलर हे तरुण डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचे सहकारी. फ्रॉइड तेव्हा कोकेनवर अभ्यास करत होते. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांनी अनुभवले होते. कोलर यांच्या डोक्यात आले की मग डोळाही होईल. बेडकाच्या डोळ्यावर, मग स्वतःच्या डोळ्यावर थेंब टाकून त्यांनी ते तपासले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा प्रयोग दाखवण्यात आला. कोलर यांच्याकडे प्रवासाचे पैसे नव्हते, त्यामुळे त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. महिन्याभरात ही बातमी अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि न्यूयॉर्कमधल्या एका सर्जनच्या हाती पडली.

दोन वाजता रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत व्यापारी घरात झाला. वडिलांचा कापडाचा मोठा धंदा होता. येल विद्यापीठात त्यांची ओळख अभ्यासापेक्षा फुटबॉलच्या मैदानावर जास्त होती. तिथल्या शेवटच्या काळात वैद्यकाची पुस्तके हाती आली आणि गडी बदलला. १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी दोन वर्षे व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या नामांकित सर्जनांच्या हाताखाली काढली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रुग्णालयात पलंगाच्या पायथ्याशी ताप, नाडी आणि श्वासाचा जो तक्ता लटकलेला असतो, तो न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये सुरू करण्याचे श्रेयही हॉल्स्टेड यांनाच दिले जाते. नोकरीला लागून तेव्हा त्यांना फार दिवस झाले नव्हते.

१८८० मध्ये ते परतले आणि पुढची चार-पाच वर्षे अक्षरशः धावत होते. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया, संध्याकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग. १८८१ मध्ये बहिणीला बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झाला. हॉल्स्टेड यांनी स्वतःच्या शरीरातले रक्त काढून तिला चढवले आणि ती वाचली. रक्तगटांचा शोध लागायला अजून जवळपास वीस वर्षे होती. म्हणजे कौशल्याइतकाच तो नशिबाचा भाग होता. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला. रात्री दोनच्या सुमारास, घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी आईचे ऑपरेशन करून खडे काढले. अमेरिकेतल्या अशा सुरुवातीच्या शस्त्रक्रियांमध्ये हिची गणना होते.

कोकेनची बातमी ज्याच्या हाती पडली, तो माणूस असा होता. वाट बघणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

प्रयोगाचा टेबल : स्वतःचे शरीर

कोलर यांनी कोकेन डोळ्याच्या पृष्ठभागावर टाकले होते. हॉल्स्टेड, त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल आणि इतर काही तरुण डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. औषध दुखऱ्या जागी न टाकता, तिथून निघणाऱ्या नसेजवळच सोडले तर?

उत्तर जबड्यात सापडले. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला जिथे नस हाडात शिरते, तिथे कोकेन टोचले की त्या बाजूचे खालचे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो. घाटकोपरच्या कुठल्याही दवाखान्यात खालची अक्कलदाढ काढताना डेंटिस्ट आजही तिथेच सुई लावतो. फरक औषधाचा आहे, जागेचा नाही. पुढे हॉल्स्टेड यांनी मानेजवळ हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा उघडा करून त्यात औषध सोडले. अख्खा हात बधिर झाला. ही कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती. जखम कुठेही असो, रस्ता मध्येच अडवा.

हे सारे तपासायचे कुणावर? आज नव्या औषधाला प्राण्यांवरचे प्रयोग, नैतिकता समिती, टप्प्याटप्प्याच्या चाचण्या अशी चाळण लागते. तेव्हा यातले काहीच नव्हते. या मंडळींनी एकमेकांना आणि स्वतःला सुया टोचल्या. विद्यार्थीही सामील झाले. काही महिन्यांत असे शेकडो प्रयोग झाले.

कोकेनचे व्यसन लागते हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांच्या गावीही नव्हते. उलट मॉर्फिनचे व्यसन सोडवायला कोकेन द्यावे, असे सांगणारे डॉक्टर होते. टॉनिकमध्येही ते मिसळले जाई. त्यामुळे हॉल्स्टेड यांना बेफिकीर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. धोका माहीत असून त्यांनी उडी मारली नव्हती. पण आपली झोप उडाली आहे, कामाचा वेग वेडावाकडा झाला आहे, हे दिसत असतानाही ते थांबले नाहीत, हेही खरे.

एका लेखात दिसलेली पडझड

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात हॉल्स्टेड यांचा कोकेनवरचा लेख छापून आला. त्याचे पहिलेच वाक्य इतके लांब आणि भरकटलेले आहे की कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे ते सापडत नाही. एरवी नेमके लिहिणाऱ्या माणसाचा तो लेख वाचला की काय झाले होते ते कळते. नर्व्ह ब्लॉकची रीत नीट, सविस्तर लिहून ठेवण्याची ती वेळ होती. ती हातची गेली. श्रेयासाठी त्यांना पुढे जवळपास चार दशके थांबावे लागले.

१८८६च्या सुरुवातीला मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना समुद्रप्रवासाला पाठवले. जहाजावर कोकेन मिळणार नाही, म्हणजे ते आपोआप सुटेल, असा साधा हिशेब होता. तो चुकला. सोबत नेलेला साठा संपल्यावर हॉल्स्टेड यांनी कप्तानाच्या औषधपेटीला हात घातला, असे सांगतात. त्यानंतर ऱ्होड आयलंडमधल्या बटलर हॉस्पिटलमध्ये त्यांना काही महिने ठेवले गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावे लागले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले गेले असे मानले जाते. एक गेले आणि दुसरे बसले.

त्यांच्या सोबत्यांनाही सुटका मिळाली नाही. रिचर्ड हॉलही या व्यसनात सापडले. न्यूयॉर्क सोडून ते कॅलिफोर्नियात गेले आणि १८९७ मध्ये वारले. सुया टोचून घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे काय झाले, त्यांची नावेही इतिहासात नाहीत. मला या कहाणीतला सर्वांत बोचणारा भाग हाच वाटतो.

बाल्टिमोरमधला दुसरा माणूस

न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपली होती. वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या घरी आणले, प्रयोगशाळेत काम दिले. कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालत हॉल्स्टेड पुन्हा उभे राहिले. आतड्याच्या कोणत्या थरात टाका धरतो, हे त्यांनी तिथे शोधले. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले तेव्हा त्यांना आधी तात्पुरते आणि वर्षभरात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून नेमले गेले.

आता समोर आलेला हॉल्स्टेड निराळाच होता. पूर्वीचा झपाटा गेला. ते अतिशय सावकाश शस्त्रक्रिया करू लागले. रक्ताचा प्रत्येक थेंब थांबवायचा, पेशींना जपून हात लावायचा, बारीक रेशमाने टाके घालायचे. हर्निया आणि स्तनाच्या कर्करोगावरच्या त्यांच्या शस्त्रक्रिया जगभर पोहोचल्या. (स्तनाची ती शस्त्रक्रिया फार मोठी आणि स्त्रीला विद्रूप करणारी होती, पुढे डॉक्टरांनी ती सोडून दिली.) हुशार तरुणांना वर्षानुवर्षे रुग्णालयातच ठेवून, जबाबदारी वाढवत नेत सर्जन घडवायचा, ही रेसिडेन्सीची पद्धत त्यांनी अमेरिकेत रुजवली. आपल्याकडचे निवासी डॉक्टर ३६-३६ तासांच्या ड्युटीबद्दल बोलतात तेव्हा त्या साखळीचे एक टोक इथे आहे.

आणि हातमोजे. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने पुरळ येई. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले. हातमोजे जंतुसंसर्गही टाळतात हे नंतर लक्षात आले आणि मग सगळेच ते घालू लागले.

ते वर्षातले काही महिने बाल्टिमोरमधून नाहीसे होत. उत्तर कॅरोलायनातल्या डोंगरातल्या घरी डेलियाची फुले वाढवत. लोक त्यांना विक्षिप्त, तुसडे म्हणत. कारण फार थोड्यांना ठाऊक होते.

मग ही सुई खुब्यापर्यंत कशी पोहोचली?

अडचण औषधाची होती, कारण कोकेन विषारी आणि व्यसन लावणारे. म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४ मध्ये प्रोकेन तयार केले आणि कोकेनची गरज कमी झाली. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन बनवले. लुंडक्विस्ट यांनीही ते स्वतःवरच टोचून पाहिले, पण या औषधाचे व्यसन लागत नाही. १९५७ मध्ये बराच वेळ टिकणारे ब्युपिव्हाकेन आले. खुब्याच्या ब्लॉकसाठी आज हेच किंवा त्याच्या कुळातले रोपिव्हाकेन वापरतात. ‘रीजनल’ भूल हा शब्दही हॉल्स्टेड यांचेच शिष्य हार्वे कुशिंग यांच्या नावे सांगितला जातो.

जागेचे कोडे पुढे सुटत गेले. १९७३ मध्ये ॲलन विनी यांनी जांघेतल्या एकाच टोचणीतून तीन नसा बधिर करण्याची रीत मांडली. १९८९ मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड दॅलेन्स यांनी मुलांसाठी फॅशिया इलियाका ब्लॉक सांगितला. जांघेत स्नायूवर एक चिवट, पातळ पडदा असतो. त्याखाली भरपूर औषध सोडले की ते पसरत जाऊन नसांना गाठते. आजीला हाच दिला होता. २०१८ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी ‘पेंग’ ब्लॉक मांडला. यात मोठी नस सोडून, खुब्याच्या सांध्याकडे जाणारे तिचे बारीक फाटे तेवढे गाठतात. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, पण तो मांडणाऱ्या डॉक्टरांपैकी एकाचे आडनावही पेंगच आहे.

वृद्धांसाठी याचे मोल मोठे आहे. खुबा मोडला की शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तोवरच्या वेदनेसाठी मॉर्फिनसारखी औषधे जास्त दिली तर म्हातारी माणसे भ्रमिष्टासारखी वागतात, मळमळते, पोट साफ होत नाही. शिवाय कमरेत भुलीचे इंजेक्शन द्यायचे तर बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते, आणि मोडक्या खुब्याला तेच सोसवत नाही. ब्लॉक आधी दिला की हे वळवणे जमते.

मात्र ब्लॉक हा इलाज नव्हे. साधारण अर्ध्या दिवसात त्याचा असर ओसरतो, हाड तर बसवावेच लागते. फॅशिया इलियाकासारख्या ब्लॉकनंतर मांडीचा जोर काही तास कमी असतो, म्हणून असर उतरेपर्यंत पेशंटला एकट्याने उभे राहू देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, पूर्वी बधिर करण्याच्या औषधाचा त्रास झाला असेल किंवा टोचायच्या जागी संसर्ग असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. टोचल्यावर ओठ बधिर वाटले, कानात आवाज येऊ लागला, तोंडात धातूसारखी चव आली तर लगेच बोलावे. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते. त्यावर उपाय आहे, पण वेळ घालवून चालत नाही.

कुलूपबंद वही

१९२२च्या वसंतात अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने हॉल्स्टेड यांना सुवर्णपदक दिले. नस बधिर करण्याची रीत मूळ त्यांची, हे ३८ वर्षांनी मान्य झाले. त्याच वर्षी त्यांच्या पित्तनलिकेत खडे झाले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आईच्या पोटातून काढले होते तसेच. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या सर्जननी शस्त्रक्रिया केली. न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी, सत्तराव्या वाढदिवसाला सोळा दिवस उरले असताना ते गेले.

जगाची समजूत अशी होती की तरुणपणी लागलेले व्यसन त्यांनी केव्हाच जिंकले होते. जॉन्स हॉपकिन्समधले त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी मात्र रुग्णालयाच्या आतल्या गोष्टी एका छोट्या वहीत लिहून ती मोहोरबंद करून ठेवली होती. ती १९६९ मध्ये उघडली गेली. नेमणूक झाल्यावर काही महिन्यांतच ऑस्लर यांनी हॉल्स्टेड यांना हुडहुडी भरून थरथरताना पाहिले होते आणि तेव्हाच त्यांना सारे समजले होते. हॉल्स्टेड रोज मॉर्फिन घेत होते. बरीच वर्षे ते दिवसाला ३ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकले नव्हते. १८९८ पर्यंत त्यांनी ते निम्म्यावर आणले. याच वर्षांत त्यांच्या हातून ती सारी सावकाश, नेटकी ऑपरेशने होत होती आणि समोर उभे राहून शिष्य शिकत होते.